शालूबाईंचा कूलर आणि तेरावी पिढी

दुकानात येऊन कोणी म्हणालं, "भाऊ, कॉम्प्युटर बंद पडला," की संघपालचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कितव्या पिढीचा हाये?" गिऱ्हाईक गोंधळायचं. कॉम्प्युटर कधी घेतला हे सांगता येतं, त्याची पिढी माणूस कुठून सांगणार? मग संघपाल स्वतःच पेच काढायचा, झाकण बाजूला ठेवायचा, आत डोकावायचा आणि समाधानाने मान हलवायचा. "चौथी. मंग बरोबर हाये."

जळगाव जामोदच्या बसस्टँडजवळ त्याचं दुकान. सोयरीक जमवणाऱ्याला जशी पंचक्रोशीतली घराणी पाठ असतात, तशा याला प्रोसेसरच्या पिढ्या पाठ. दुसऱ्या पिढीचं नाव काढलं की चेहरा खुलायचा. थंड डोक्याचा माल, कितीही पळवा, कुरकुर नाही. चौथी पिढी हुशार, पण तापट. झाकणाखालची ताप ओढून घेणारी पेस्ट वाळली की अंगावर यायची. आठवी-नववी कष्टाळू, संसाराला चांगली. आणि बारावी, तेरावी? "या पोरायले तापायची लाजच नाई," तो म्हणायचा. "जुनी चिप तापली की घाबरायची. हे शंभर डिग्रीले टेकेपर्यंत धावते, मंग म्हणते, आता जरा हळू चालतो." चहा घ्यायला आलेला माणूस हे सगळं ऐकून घ्यायचा, कारण चहा संघपालच पाजायचा.

त्याचा खरा जीव ओव्हरक्लॉकिंगमध्ये होता. म्हणजे कंपनीने आखून दिलेल्या वेगाच्या पुढे प्रोसेसर पळवायचा. जास्त वेग म्हणजे जास्त वीज, जास्त वीज म्हणजे जास्त ताप, आणि तो ताप काढून घेता आला तरच ही मौज. कोणी सांगो न सांगो, संघपाल मशीन देताना थोडी पळवूनच द्यायचा. लग्नात मामा आहेरावर वरून एक नोट ठेवतो, तितक्या प्रेमाने. बायको रुख्मिणी म्हणायची, "लोकायनं मागतलं होतं काय?" यावर तो नुसता हसायचा.

मूळचा तो मोताळ्याचा. वडील सहदेव एसटीत मेकॅनिक होते. राजूर घाट चढून आलेल्या गाडीच्या बॉनेटवर ते नुसता तळहात ठेवायचे आणि सांगायचे, रेडिएटरला पाणी कमी आहे की पंख्याचा पट्टा सैल झालाय. संघपालने ती सवय जशीच्या तशी उचलली होती. कोणत्याही मशीनजवळ गेला की आधी मागच्या जाळीवर हात ठेवायचा. पडद्यावर तापमानाचा आकडा दिसत असला तरी आधी हात. आकड्यावर त्याचा विश्वास होता, पण हाताने पाहिल्याशिवाय त्याला बरं वाटत नसे.

त्याच्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक मात्र या थंड करण्याच्या नादातच झाली.

गावापासून थोडं पुढे, पूर्णेच्या बाजूला असलेल्या एका खेड्यात कडूबा राहतात. थोडी शेती, कापूस आणि सोयाबीन, खाऊनपिऊन बरं चाललेलं घर. त्यांची मुलगी काजल पुण्याला एका स्टुडिओत ॲनिमेशनचं काम करायची. जाहिरातींत बाटली आपोआप फिरते, बिस्कीट हवेत तुटतं, तसलं काम. दिवाळीनंतर तिच्या आईला, शालूबाईंना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही जवळपास गेली. काजल घरी आली ती आईच्या उशाशीच बसली. स्टुडिओवाल्यांनी माणुसकी दाखवली, पण हात राखून. उन्हाळा संपेपर्यंत घरून काम करून बघ म्हणाले, काम वेळेवर आलं तर कायमचं घरून कर, नाही आलं तर पुण्याला परत ये. म्हणजे आईजवळ राहायचं की नाही हे एका मशीनवर येऊन ठेपलं होतं. ती मशीन संघपालने बांधली.

"तेरावी पिढी टाकू," तो म्हणाला होता. "तुह्यं काम रेंडरिंगचं, हजारो चित्रं मशीनकडून काढून घ्यायचं. तिथं हीच पाह्यजे."

"गरम नाई होत ना, दादा?" काजलने विचारलं.

"होते. पण मी कायले हाओ?"

आणि त्याने सवयीप्रमाणे ती थोडी पळवूनही दिली. इतकंच नाही, नवी पिढी शंभराला टेकली की स्वतःला आवरते, ती आवरण्याची मर्यादाही त्याने जराशी सैल केली. काजल खूश. पूर्वी रात्रभर चालणारं काम आता जेवणं उरकेपर्यंत व्हायचं.

पण पाहता पाहता ऊन चढलं. खोली पत्र्याची. दुपारी मशीनचे पंखे असे घोंघावायचे की बाहेर अंगणात ऐकू यावं. त्या खोलीत एकच कूलर होता आणि तो शालूबाईंच्या खाटेकडे तोंड करून ठेवलेला. संघपाल एक दिवस मशीन पाहायला आला. सवयीने मागच्या जाळीवर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. मग त्याने खोलीभर नजर फिरवली आणि ती कूलरवर थांबली.

"हा जर इकडं वळवला तर..." तो बोलता बोलता थांबला. आजारी बाईचं वारं मागणं बरं दिसत नव्हतं. पण शालूबाईंना सगळं समजायचं. त्यांनी डाव्या हाताने कूलरकडे बोट केलं, मग मशीनकडे. कडूबा म्हणाले, "अवं, तुले गरम होईन ना." शालूबाईंनी पुन्हा तेच बोट केलं, या वेळी जरा रागाने.

कूलर वळला. तापमानाचा आकडा असा उतरला की संघपाल खुर्चीतच उडाला. त्याने पडद्याचा फोटो काढला, आपल्या ओळखीच्या सगळ्यांना पाठवला आणि वर बोलून सांगितलं की ज्याच्या घरी कूलर आहे त्याने तो मशीनच्या मागे लावावा, तेरावी पिढी लोण्यासारखी चालते. पाचसहा जणांनी लावलेही. त्या आठवड्यात संघपाल दुकानात नुसता तरंगत होता.

शालूबाई मात्र आता छताच्या पंख्याच्या गरम वाऱ्यावर आणि हाताच्या पंख्यावर आल्या. काजल काम करता करता मध्येच उठून त्यांना वारा घालायची. त्या डोळ्यांनीच सांगायच्या, तू काम कर. त्यांच्या खाटेवरून मशीन दिसायची नाही, पण आवाज यायचा. दिवसभर त्या तो आवाज ऐकत पडून असायच्या. आवाज चालू आहे म्हणजे पोरीचं काम चालू आहे, आणि काम चालू आहे म्हणजे पोरगी इथेच आहे. काही हवं असेल तर त्या उशाशी ठेवलेली स्टीलची वाटी खाटेच्या लोखंडी गजावर वाजवायच्या.

मे महिन्यात मशीन बंद पडायला लागली. काम अर्ध्यावर आलं की एकदम अंधार. पंखे थांबायचे, खोली गप्प व्हायची आणि त्याच क्षणी वाटी वाजायची. "काई नाई आई, लाइट गेली होती," काजल सांगायची. पण छताचा पंखा तर फिरत असायचा, आणि शालूबाई त्या पंख्याकडे पाहत राहायच्या.

संघपाल आला. पेस्ट बदलली. पुन्हा आला, पॉवर सप्लाय बदलला. तेराव्या पिढीला मनापासून चार शिव्या घातल्या. "दुसऱ्या पिढीनं असं कधी केलं नसतं," असं म्हणत त्याने कूलर आणखी जवळ सरकवला आणि कडूबांना टाकीत जास्त पाणी ठेवायला सांगितलं. दोन दिवस बरं चाललं. मग पहिल्यापेक्षा वाईट.

इकडे पुण्याहून निरोप आला. सोमवारी सकाळी सगळे शॉट हवेत, नाहीतर पुढच्या आठवड्यापासून ऑफिसला हजर हो. काजलने हे आईला सांगितलं नाही. फक्त माळ्यावरची प्रवासाची बॅग खाली काढून पुसून ठेवली, झुरळं झाली असतील म्हणून. शालूबाईंनी ती बॅग पाहिली. दुपारचा भात त्यांनी तसाच ठेवला.

शनिवारी सकाळी संघपाल पोचला तेव्हा कडूबा अंगणात कूलरच्या जाळ्या घेऊन बसले होते.

"जय भीम, संघपाल."

"राम राम, काका. हे काय करून राह्यले?"

"गवत बदलून राह्यलो. पंधरवडा टिकत नाई इथं. पाह्य ना." त्यांनी जाळी दगडावर आपटली. गवत गवतासारखं राहिलंच नव्हतं. काडी काडी पांढरी, कडक, चुन्यात बुडवल्यासारखी. आपटल्यावर पांढरे पापुद्रे अंगणात पसरले. "आमच्या बोअरचं पाणी असंच. भांडे खाल्ले, नळ खाल्ले, आता कूलर खाऊन राह्यलं."

संघपाल तसाच आत गेला. मशीनचं झाकण उघडलं आणि प्रोसेसरवरचा थंड करणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा काढून उजेडात धरला. त्या ठोकळ्याला बारीक पात्या असतात, पात्यांतून वारा गेला तर ताप निघतो. पात्यांमध्ये पांढरट माती लिंपल्यासारखी भरली होती. हे त्याने मागेही पाहिलं होतं. खेड्यातली धूळ म्हणून वरवर झटकून दिलं होतं. आता त्याने नखाने खरवडून थोडंसं बोटावर घेतलं आणि जिभेला लावलं.

खारं होतं.

त्याला आठवलं, लहानपणी आगारात वडिलांबरोबर गेला असताना त्याने एकदा मदत म्हणून गाडीच्या बॅटरीत नळाचं पाणी ओतायला घेतलं होतं. सहदेवांनी तांब्या हातातून हिसकावला होता. आयुष्यात त्यांनी त्याला दटावलं ते तेवढंच एकदा. पाण्यात मीठ असतं, पाणी उडून जातं, मीठ राहतं आणि मग ते आतून खातं, असं त्यांनी नंतर मांडीवर घेऊन समजावलं होतं. हे ज्याला चड्डीत असताना शिकवलं, त्याने या घरात येऊन खाऱ्या पाण्याच्या बारीक तुषारांचं वारं दिवसरात्र मशीनवर सोडलं होतं. मोताळ्याचं पाणी असं नाही, ही सबबही त्याच्या मनात येऊन गेली. पण जळगावात संसार थाटून त्याला बरीच वर्षं झाली होती आणि रुख्मिणी घरच्या कूलरचं गवत त्याच्यासमोरच तर बदलायची. तेराव्या पिढीचा काही दोष नव्हता. मशीनच्या पंख्याच्या दांड्यालाही मीठ धरलं होतं, तो जेमतेम फिरत होता, आणि आवरायची मर्यादा याने सैल केलेली. बिचारी जळण्याआधी बंद पडत होती, हे तिचे उपकारच.

काजल दाराशी उभी होती. तिच्या हातात आईच्या औषधाचा चमचा तसाच होता.

"काय झालं, दादा?"

खोटं बोलायला जागा होती. मदरबोर्ड खराब निघाला म्हटलं असतं तर कोणी काही विचारलं नसतं. संघपालला ते सुचलंही आणि सुचल्याची लाजही वाटली.

"माह्यी चूक हाये, काजल," तो म्हणाला. "कूलर इकडं लावाले मीच सांगतलं. त्या वाऱ्यातून मीठ आलं. काकूचं वारं बी गेलं अन् तुह्यं काम बी."

काजलने चमचा बशीत ठेवला आणि खिडकीबाहेर पाहिलं. तिला राग आला होता आणि तो गिळायला वेळ लागत होता. शेवटी तिने एवढंच विचारलं, "सोमवारपर्यंत होईन का?"

"माहीत नाई. बोर्ड किती खाल्लाय ते पाह्यल्याशिवाय नाई सांगत."

त्याने मोटरसायकल काढली आणि बॅटरीच्या दुकानातून बॅटरीत घालायचं पाणी आणलं. येताना वाटेत थांबून वडिलांना फोन केला. सहदेवांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना मदरबोर्ड म्हणजे काय ते कळत नव्हतं, पण मीठ कळत होतं. "रगडू नको," ते म्हणाले. "भिजू दे अगोदर. आपसूक सुटते."

मग अंगणातल्या लिंबाखाली कामाला सुरुवात झाली. ठोकळा पाण्यात भिजत ठेवला. बोर्ड मात्र भिजवायचा नाही, त्याच्यावर स्पिरिट आणि दाढीचा मऊ ब्रश. संघपाल एकेक बारीक भाग पुसत होता. वीज पुरवणाऱ्या भागाजवळ दोन ठिकाणी हिरवट चढलं होतं, ते निघता निघत नव्हतं. वडिलांचं ऐकून त्याने घाई केली नाही. काजल बाजूला बसून पंख्याच्या पात्या पुसू लागली. कडूबांनी चहा आणला. वाळवायला उन्हाची कमी नव्हती. मेच्या दुपारी सावलीत ठेवलेलंसुद्धा पापडासारखं वाळतं.

मशीन पुन्हा आत गेली, पण जागा बदलून. कूलर आधी उचलून शालूबाईंच्या पायाशी नेला आणि त्याचं तोंड त्यांच्याकडे केलं. संघपाल हे करताना त्यांच्याकडे पाहायचं टाळत होता. टेबल ओढून त्यांच्या उशाशी, कूलरच्या वाऱ्याच्या पलीकडे, खिडकीला लावलं, म्हणजे मशीनला बाहेरची कोरडी हवा मिळावी. हवा गरम होती. पण कोरडी होती.

आणि मग त्याने ते केलं जे त्याला आयुष्यात कधी आवडलं नव्हतं. सेटिंग उघडून आपण पळवलेला वेग काढून टाकला. तेवढ्यावर थांबला नाही. कंपनी जितकी वीज देते त्याहूनही कमी केली. इतकी मोठी मशीन, आणि तिला चालायला लावायचं! त्याचा हात माउसवर थोडा वेळ थांबला.

"हळू चालंन," तो काजलला म्हणाला. "पण थांबणार नाई. उद्या संध्याकाळपर्यंत होते, माह्या हिशोबानं."

"चालते," काजल म्हणाली. "सुरू करा."

रेंडर सुरू झालं. दोघं जण थोडा वेळ पडद्याकडे पाहत उभे राहिले. सत्तरीच्या आत आकडा स्थिर झाला. मग संघपाल हात धुवायला बाहेर आला, काजलही पाणी प्यायला आली. कडूबा विचारत होते, सुरू झाली का, आणि तो हो म्हणणार तोच आतून वाटी वाजली.

नेहमीसारखी नाही. थांबेचना. गजावर एकामागून एक.

तिघंही धावले. शालूबाई रडत होत्या. बोलायचा प्रयत्न करत होत्या आणि तोंडातून नुसता आवाज निघत होता. त्यांची नजर एकदा मशीनकडे जायची, एकदा भिंतीशी पुसून ठेवलेल्या बॅगेकडे. काय दुखतंय, कुठे दुखतंय, कडूबा विचारत राहिले. काजलला आधी कळलं. खोलीत आवाज नव्हता. इतके दिवस जी घरघर त्या ऐकत पडल्या होत्या ती नव्हती. कमी वीज, कमी ताप, पंखे हळू. मशीन चालू होती आणि ऐकूच येत नव्हती.

"आई, चालू हाये ती," काजल खाटेवर बसत म्हणाली. "बंद नाई पडली. आता आवाज करत नाई, बस."

शालूबाईंनी मान हलवली. त्यांना ते पटलं नाही. लाइट गेली म्हणून सांगणारी हीच पोरगी होती.

तेव्हा काजलने आईचा डावा हात उचलला आणि उशाशी असलेल्या मशीनच्या मागच्या जाळीवर नेऊन ठेवला. जाळीतून ऊबदार वारा येत होता. शालूबाईंची बोटं आधी आखडली, मग हळूहळू पसरली. त्यांनी तळहात पूर्ण टेकवला आणि डोळे मिटले. संघपाल दाराशीच थांबला. मग तो अंगणात जाऊन हत्यारं गोळा करत बसला.

काम रविवारी दिवस मावळायच्या आत झालं. मशीन एकदाही बंद पडली नाही. सोमवारी दुपारी पुण्याहून उत्तर आलं, त्यात शाबासकी नव्हती, फक्त पुढचं काम होतं आणि ते घरूनच पाठवायचं होतं. काजलने तो मजकूर वडिलांना वाचून दाखवला, मग आईला, मग फोन करून संघपालला. संघपाल त्या वेळी दुकानात नव्हता. ज्यांना ज्यांना त्याने कूलर मशीनच्या मागे लावायला सांगितलं होतं त्यांच्या घरोघरी फिरून तो कूलर वळवत होता आणि प्रत्येकाचे दोन शब्द ऐकून घेत होता.

पावसाळा सरता सरता तो एकदा त्या बाजूला गेला होता, म्हणून डोकावला. आत येऊन सवयीने मागच्या जाळीकडे हात नेला, तर शालूबाईंनी खाटेवरूनच त्याला थांबवलं. त्यांनी सकाळीच पाहिलं होतं. रोज पाहायच्या, चहाच्या आधी. बोलणं थोडं थोडं परतत होतं, तरी शब्द जड यायचे.

"ठी...क हाये," त्या म्हणाल्या.

संघपालने हात मागे घेतला. काजल पाठमोरी कामात होती. त्याने इकडेतिकडे पाहिलं. भिंतीशी बॅग नव्हती, म्हणून त्याने वर पाहिलं. ती माळ्यावर होती, चेन लागत नव्हती इतकी भरलेली, आणि उघड्या तोंडातून हिवाळ्याच्या गोधड्या बाहेर आल्या होत्या.